वादळ सर्वांवर, पंचनामा कुणाचा?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरुडपासून बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या तालुक्यात आहे त्या मंडणगडपर्यंत कौले-पत्रे उडाले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या. वाऱ्याने कुणाची जात विचारली नाही, हे खरे. पण वारा ओसरल्यावर तलाठी-ग्रामसेवकांची वही उघडते तेव्हा काय होते?

पंचनामा नुकसानीचा होतो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो कागदाचा होतो. सातबारा कुणाचा, घरपट्टी कुणाच्या नावावर, यावर मदत ठरते. शासनाने तेव्हा पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० रुपयांवरून दीड लाख केली, बागायतीला हेक्टरी ५० हजार जाहीर केले. वाढ स्वागतार्हच होती. पण हिशेब करून पाहा. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. चार गुंठ्यांच्या वाडीला दोन हजार! पोफळ पुन्हा धरायला पाच-सात वर्षे लागतात. आणि ज्यांच्या नावावर गुंठाही नाही, जे दुसऱ्याच्या वाडीत सुपारी सोलून पोट भरतात, त्यांची मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची? तो रकानाच नाही. कोकणात राबणाऱ्याच्या नावावर जमीन का नाही, हे ज्याला कळले त्याला बाबासाहेबांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक का मांडले, हेही कळेल.

घरांचे तेच. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला, मग ते कच्चे असो वा पक्के, १ लाख २० हजार रुपये ठेवले. झोपडीला ८ हजार. म्हणजे त्याच मातीच्या भिंतींना ‘कच्चे घर’ लिहिले की सव्वा लाखाच्या आसपास आणि ‘झोपडी’ लिहिले की आठ हजार! तलाठ्याच्या एका शब्दाची किंमत १ लाख १२ हजार रुपये. त्यातच बांधकाम अधिकृत असल्याची अट. पिढ्यान्‌पिढ्या गावठाणाबाहेर, गायरानावर ज्यांना राहावे लागले, त्यांनी अधिकृततेचा दाखला आणायचा कुठून? गावाने जागा दिली नाही, आणि जागा नाही म्हणून शासन मदत देत नाही. हा कुठला न्याय?

आणखी एक गोष्ट. वादळात आधी छप्पर जाते. भिंत उभी दिसते म्हणून ‘अंशतः नुकसान’ लिहिले जाते. मग पाऊस लागतो, माती भिजते आणि आठवड्याने भिंत बसते. तोवर वही बंद झालेली असते.

म्हणून समाजबांधवांना आमचे सांगणे आहे : रडत बसू नका, पंचनाम्याची वाट पाहत बसू नका. प्रत्येक वाडीतील शिकलेल्या तरुणांनी वादळाच्या दुसऱ्याच दिवशी स्वतःची यादी करावी. घर, माणसे, बुडालेली मजुरी, फोटो, तारीख. पंचनाम्यावर सही-अंगठा देण्यापूर्वी काय लिहिले ते वाचून घ्यावे. भिंत नंतर पडली तर फेरपंचनाम्याचा लेखी अर्ज करून पोच घ्यावी. मदतीची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा, असा आग्रह धरावा. नकार मिळाला तर २००५चा माहिती अधिकार कायदा आहेच.

घटनेने आम्हाला समान नागरिक म्हटले आहे. वहीतही तसेच लिहून घेतल्याशिवाय हटायचे नाही.