आजोबांची सायकल

माझे आजोबा लातूरच्या गंजगोलाईत चार दुकानं ओलांडली की पाचव्याच्या ओट्यावर टेकायचे. पाय जड, पोटऱ्यांत मुंग्या! सायकलवर मात्र खुशाल फिरायचे. ‘आजोबांची नाटकं,’ म्हणून आम्ही हसायचो. चुकलंच आमचं.

कमरेच्या ५ मणक्यांमधून एक बोगदा असतो. पायांकडच्या नसा त्यातूनच येतात. वय झालं, की हाडाला कंगोरे फुटतात आणि बोगदा अरुंद होतो. ताठ उभं राहिलं, की आणखी आवळतो. पुढं वाकलं, की जरा मोकळा होतो. आणि सायकलवर आपण वाकतोच की! हॉलंडचे डॉक्टर फर्बीस्ट यांनी १९५४ साली हे दुखणं नीट उलगडून मांडलं.

बोगदा अरुंद दिसला म्हणजे ऑपरेशन हवंच, असं नाही. त्रास किती, हेही पाहतात. आजोबांना चालणंच होईना, तेव्हा नांदेडला ऑपरेशन झालं. नसांवर दाबणारं हाड काढलं. पायातली कळ लवकर थांबली. तळव्याचा बधिरपणा मात्र रेंगाळला. फार दिवस दबलेली नस सावकाश जागी होते, कधी पुरती होतही नाही.

तुमचे आजी-आजोबा चालताना मध्येच बसतात का? किती पावलांवर, ते मोजा आणि आई-बाबांना सांगा. लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.