पहिला केग घेताय? आधी फ्रिज उघडा

मे महिन्यात चंदीगडचा पारा 40 अंशांच्या वर जातो. अशा वेळी मायक्रोब्रुअरीत नळ फिरवताच फेसाळून भरणारा ग्लास पाहिला की मनात येतंच, ‘असा नळ आपल्या घरी असता तर?’ तो नळ ज्या स्टीलच्या पिंपाला जोडलेला असतो, तो केग. गॅसचा दाब सहन करणारं बंद पिंप.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट करूया. चंदीगडमध्ये पंजाब अबकारी कायदा, 1914 लागू आहे. परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे, मग ती घरात का असेना. महाराष्ट्रातही तेच. अमेरिकेत मात्र 1978 च्या कायद्याने घरच्या बिअरला वाट मोकळी झाली. तुमचे दादा-वहिनी तिकडे बनवत असतील तर हा लेख त्यांना पाठवा. आपण आपला केग आल्याच्या किंवा कोकमच्या सोड्यासाठी घेऊया. सामान तेच, फक्त दाब वेगळा.

आधी जागा मोजा

थंड पाण्यात गॅस जास्त विरघळतो. कोमट सोड्याची बाटली उघडल्यावर काय होतं, ते आठवा! केग फ्रिजमध्ये बसला नाही, तर ग्लासात नुसता फेस येईल.

परदेशात लोकप्रिय असलेला 19 लिटरचा ‘कॉर्नी’ केग पूर्वी शीतपेयांच्या सिरपसाठी वापरला जायचा. तो सुमारे 63 सेंटिमीटर उंच असतो आणि भरल्यावर वजन 20 किलोंच्या वर जातं. त्याला वेगळा फ्रिजच लागतो. चौघांच्या कुटुंबाला 5 लिटरचा छोटा केग पुरतो. फ्रिजचा एक कप्पा काढून उंची मोजा आणि मगच ऑर्डर द्या. नळासाठी पुढे थोडी जागा सोडायला विसरू नका.

गॅसचा हिशोब

चांगल्या झणझणीत सोड्यात लिटरमागे सुमारे 7 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो. म्हणजे 5 लिटरला 35 ग्रॅम. 16 ग्रॅमच्या छोट्या कुप्या घेतल्या तर प्रत्येक वेळी किमान तीन खर्च होतील. महिन्यातून एकदा सोडा करणार असाल तर कुप्या ठीक. दर आठवड्याला करणार असाल तर सिलिंडर परवडतो.

सिलिंडर घेताना गॅस खाद्यपदार्थांसाठीचाच आहे ना, हे विचारा. सिलिंडरवर कोरलेली चाचणीची तारीख बघा. गॅस सिलिंडरच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, त्यामुळे ‘पेसोची मान्यता आहे का?’ असं दुकानदाराला बिनधास्त विचारा.

बाल्कनीत ठेवणार असाल तर थांबा. 31 अंशांच्या वर हा गॅस द्रवरूपात राहूच शकत नाही आणि आतला दाब झपाट्याने वाढतो. सिलिंडर सावलीत, उभा आणि बांधून ठेवा. या गॅसला रंग नाही, वास नाही, शिवाय तो हवेपेक्षा जड असतो. म्हणून बंद खोलीत नको आणि मुलांच्या हाताशी तर नकोच.

इथे काटकसर नको

पैसे वाचवायचे तर केगच्या आकारात वाचवा, रेग्युलेटरमध्ये नाही. सिलिंडरमधला प्रचंड दाब तोच आटोक्यात आणतो. केगवर आणि रेग्युलेटरवर जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह हवाच. दुधाची बरणी किंवा साधा स्टीलचा डबा केग म्हणून कधीही वापरू नका.

4 अंश तापमानाला सोड्यासाठी 25 ते 30 पीएसआय दाब लागतो, म्हणजे जवळपास गाडीच्या टायरइतका. बिअरला 10 ते 12 पुरतात. जोडणी झाली की प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे.

भरण्यापूर्वी

सरबत मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. आल्याचा एक धागाही आतली नळी तुंबवतो. साखरेचं पेय भरलेला केग फ्रिजबाहेर ठेवू नका, ते आंबून दाब वाढतो. केग संपला की नळ आणि रबरी रिंगा काढून धुवा.

थंड केगमध्ये गॅस पूर्ण मुरायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे रविवारी पाहुणे येणार असतील, तर तयारी आधीच्या रविवारी करा. आणि पहिला ग्लास आजी-आजोबांना द्या. कोकम सोडा चाखून ते काय म्हणतात, आम्हाला नक्की कळवा!