सहल दिवाळीच्या आधी काढा

नवरात्र बसलं की आमच्या कसाऱ्याच्या वाटा मोकळ्या होतात. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी विहीगावच्या धबधब्याकडे गाड्यांची रीघ असते. २००१ साली आलेल्या ‘अशोका’ या हिंदी चित्रपटात तो दिसला आणि त्याचं नावच अशोका धबधबा पडलं. गर्दी, निसरडे खडक, मग प्रशासनाचे बंदीचे आदेश, असा पावसाळा जातो. आश्विनात पाहुणे परतलेले असतात. उतारांवर सोनकी पिवळीधमक फुललेली असते, ओढ्याचं पाणी नितळ होतं, हळव्या भाताच्या लोंब्या वाकायला लागतात. मुलांना घेऊन बाहेर पडायचा आमच्याकडचा खरा मोसम हाच. पुढे थंडी येते, पण तोवर गवत वाळून पिवळं पडतं आणि ओढे आटतात.

या भागातल्या कितीतरी घरांना मुलांसोबत घालवायला आठवड्यात एकच दिवस मिळतो. सीएसएमटी इथून १२१ किलोमीटर. लोकलचे जायचे अडीच तास आणि यायचे अडीच. आमच्याही घरात अंधारात निघालेला बाप परततो तेव्हा मुलगी झोपलेली असते. रविवारी पुन्हा त्याच लोकलमध्ये बसून कल्याणचा मॉल गाठायचा, हे मला पटत नाही. पायी जाता येईल किंवा चार-पाच स्टेशनांच्या आत असेल, तेवढंच आम्ही करतो. आणि ते पुरून उरतं.

सगळ्यात जवळचं म्हणजे आमचं स्टेशन. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि नाशिककडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी यायची वाट बघायची. गाडी थांबते. मागून जोडायची इंजिनं सावकाश सरकत येतात, शेवटच्या डब्याला टेकतात, लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज होतो, एक माणूस वाकून जोडणी तपासतो. हे बँकर. पुढे इगतपुरीपर्यंत ३७ मीटर गेलं की एक मीटर वर, असा चढ आहे. सगळं वजन पुढच्याच इंजिनाने ओढलं तर डब्यांमधल्या कपलिंगवर ताण येईल, म्हणून मागून रेटा द्यायचा. १८६१ साली रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली आणि घाट चढून इगतपुरीला पोहोचायला १८६५ उजाडलं, ते या चढामुळेच. माझी मुलगी वहीत इंजिनांचे नंबर लिहिते. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिर्डीची वंदे भारत सुरू झाली, ती बँकर न लावताच घाट चढते, याचं तिला मोठं आश्चर्य. त्या गाडीचं बळ एका इंजिनात नसून डब्यांखाली वाटलेलं असतं, हे बापाने तिला तिथेच, फलाटावर सांगितलं. पाठ्यपुस्तकातून ते इतकं सहज डोक्यात शिरलं नसतं.

दुसरं ठिकाण माहुलीचा किल्ला. आसनगावला उतरलं की पश्चिमेला त्याचे सुळके दिसतात. चढ खडा आहे, लहान मुलांना वरपर्यंत नेऊ नये. पण पायथ्याच्या रानापर्यंत कुणालाही जाता येतं. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायचा तर आमची मुलं रायगड करतात, प्रतापगड करतात. करावेतच. पण डोळ्यांसमोरचा माहुली कुणी का करत नाही? शहाजीराजे निजामशाहीच्या बालवारसाला घेऊन मोगलांशी झगडले, ते शेवटी याच किल्ल्यावर; १६३६ मध्ये त्यांना तो सोडावा लागला. पुरंदरच्या तहात १६६५ साली तो मोगलांकडे गेला. १६७० च्या फेब्रुवारीत मराठ्यांचा हल्ला फसला आणि त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो घेतला. भंडारगड, माहुली, पळसगड असे त्याचे तीन भाग आहेत. ते मातीत उठवायचे तर मधल्या खिंडी आधी नीट बघाव्या लागतात, आणि एवढ्यासाठी तरी मुलं उन्हातून चालायला तयार होतात.

तिसरी गोष्ट वाघबारस. शहरात त्या दिवशी वसुबारस असते, गायवासराची पूजा होते. आमच्याकडे डोंगराकडेच्या पाड्यांवर ठाकूर आणि महादेव कोळी गुराखी वाघोबाला पुजतात. घरोघरून तांदूळ गोळा करायचे, रानात शेंदूर लावलेल्या दगडापाशी चूल मांडायची, खीर करायची, नारळ फोडायचा आणि वर्षभर गुराढोरांना सांभाळ असं वाघोबाला सांगायचं. काही ठिकाणी एक पोरगा वाघ होतो आणि बाकीचे त्याला आरडाओरडा करत पळवून लावतात. पानावरची ती खीर धुराच्या वासाची असते. मुलांना ती घरच्या खिरीपेक्षा जास्त आवडते.

त्या दिवशी मी मुलांना आजोबा नावाच्या बिबट्याची गोष्ट सांगते. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ तो विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग ठेवला. तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. वाटेत त्याने मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, आपल्या कसाऱ्याजवळचे रूळही ओलांडले, आणि कुणाला इजा केली नाही. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपट आला. पाड्यावरची म्हातारी माणसं वाघोबाशी बोलतात आणि पट्टा लावणारे शास्त्रज्ञ नकाशावर ठिपके मांडतात. दोघांनाही त्या प्राण्याची कदर आहे, हे मुलांना आपोआप कळतं.

आता मुख्य मुद्दा.

हे सगळं मी माझ्या मुलीसाठी करू शकते, कारण आमच्या घरात महिन्याचा पगार येतो. तिच्या वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर शाळेत दिसत नाहीत. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली कातकरी कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायला बिऱ्हाडासकट निघावं लागतं. परत येतात ती पाऊस तोंडावर आल्यावर. हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे. तरीही लहान पोर आईबरोबरच जातं, कारण मागे त्याला सांभाळायला कुणी उरत नाही. आणि आमच्याकडच्या शाळांच्या सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत. वर्गणी काढून, बस ठरवून, दूरच्या कुठल्यातरी वॉटर पार्कला. ज्या मुलांना सहलीची सगळ्यात जास्त गरज, ती तेव्हा विटांच्या थापीपाशी असतात. ही गोष्ट मला मनापासून लागते.

म्हणून शाळेची सहल दिवाळीच्या आधी काढावी आणि ती इथेच, पायी काढावी, असं माझं म्हणणं आहे. बस नको, वर्गणी नको. सकाळी निघून दुपारी घरी. आज स्टेशन, दुसऱ्या दिवशी ओढा आणि भातशेत, जवळ असेल त्यांना भातसा किंवा तानसा धरण. मुंबईच्या सात तलावांत मिळून १४.४७ लाख दशलक्ष लिटर पाणी मावतं, त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसात. आमच्या मुलांनी ते तुडुंब भरलेलं असताना पाहावं. एप्रिलमध्ये याच शहापूर तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात, तेव्हा प्रश्न विचारायला ते उपयोगी पडेल.

पायी सहलीत आणखी एक घडतं. वर्गात शेवटच्या ओळीत गप्प बसणारी कातकरी पोरगी रानात शिरली की पुढे होते. गेल्या आश्विनात आम्ही काही पालक मुलांना ओढ्याकडे घेऊन गेलो होतो. तिथे अशाच एकीने सगळ्यांना बिळं दाखवली. तोंडाशी ओली, ताजी माती असेल तर चिंबोरी आत आहे. माती सुकलेली असेल तर बीळ रिकामं, हात घालायचा नाही, तिथे साप असू शकतो. कोनफळाचा वेल कुठला आणि त्याच्यासारखाच दिसणारा कडू कंद कुठला, तेही तिने पानावर बोट फिरवून सांगितलं. माझी मुलगी तिच्यामागून चालत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात दोघी एका बाकावर बसल्या. आणि रानात अजून शोधायला बरंच आहे: तानसा अभयारण्यात २०१४ मध्ये वनपिंगळ्याची नोंद झाली. हे घुबड दिवसा वावरतं. १८८४ नंतर शंभरावर वर्षं त्याचा पत्ता नव्हता आणि १९९७ साली ते शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. उद्या आमच्या शाळेतल्या कुणाला ते दिसलं तर ती नजर अशाच एखाद्या मुलीची असेल.

शिक्षकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. ऑक्टोबरमध्ये सत्र परीक्षा असते. परतीचा पाऊस कधी गाठेल त्याचा नेम नाही, आणि विजा चमकत असताना मुलं माळावर असू नयेत. पाण्याकाठी जबाबदारी मोठी, तिथे एकट्या शिक्षकावर भार टाकू नये. शेतकरी पालकांना भातकापणीला घरातले हात लागतात. पण हळवं भात दसऱ्याच्या आसपास निघतं आणि गरवं दिवाळीनंतर. मध्ये परीक्षा संपल्यापासून सुट्टी लागेपर्यंत दोन-चार दिवस असे असतात की वर्गात फारसं शिकवलं जात नाही. तेच धरावेत. आभाळ भरलं तर बेत पुढे ढकलावा, पायी सहलीत बसचे पैसे अडकलेले नसतात. प्रत्येक दहा मुलांमागे एक पालक सोबत असावा. पाड्यावरच्या एखाद्या आजोबांना वाटाड्या म्हणून मानाने बोलवावं आणि त्यांच्या दिवसाची मजुरी द्यावी.

ठरवणं आपल्याच हातात आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बहुतेक बैठकांत आपण हजेरीपत्रकावर सही करून निघतो. येत्या बैठकीत मी आमच्या शाळेत हा विषय मांडणार आहे: सहल दिवाळीआधी, पायी, एकही मूल मागे न ठेवता. खर्डी, डोळखांब, किन्हवली, टोकावडे, जिथे कुठे हा स्तंभ वाचला जातो तिथल्या पालकांनीही मांडावा. भट्टीची गाडी पाड्यावर यायच्या आत तारीख ठरली पाहिजे.