वाळीत टाकण्याचा हक्क कुणाचा?

मुंबई प्रांतात १९४९ साली एक छोटासा कायदा झाला. कोणत्याही जातीने, पंथाने किंवा धर्मसंस्थेने आपल्या माणसाला बहिष्कृत केले, तर तो बहिष्कार कायद्याच्या दृष्टीने पोकळ ठरेल आणि करणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड होईल, एवढेच त्यात होते. कोणते हक्क हिरावता येणार नाहीत, तेही सांगून टाकले होते : अधिकारपद, मालमत्ता, प्रार्थनास्थळी जाणे, दफन किंवा दहन. दाऊदी बोहरा समाजाचे ५१वे दाई (धर्मप्रमुख) सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी या कायद्याला आव्हान दिले. मुख्य न्यायमूर्ती छागला असताना मुंबई उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र जानेवारी १९६२ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला. श्रद्धेपासून ढळलेल्याला बाहेर काढणे हा पंथाची एकजूट राखण्याचा मार्ग आहे, म्हणून तो धर्माचाच कारभार आहे आणि अनुच्छेद २६ ने तो पंथाच्या हाती दिला आहे, असे बहुमताचे म्हणणे. सरन्यायाधीश सिन्हा एकटे पडले. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होऊन बसतो आणि हा कायदा त्याची माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठा राखतो, असे त्यांचे मत होते.

त्या निकालाचा फेरविचार व्हावा की काय, हा प्रश्न २०२३ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. पण न्यायालयाबाहेर त्या निकालामागचा विचार रोज नव्याने मांडला जातो आणि तो मांडणारे एकाच धर्माचे नसतात. म्हणून त्यांचे मुद्दे एकेक करून तपासायला हवेत.

पहिला मुद्दा असा : हा समाजाचा अंतर्गत मामला आहे, ज्याला नियम पटत नाहीत त्याने खुशाल बाहेर पडावे. जिमखान्याच्या सभासदाला हे सांगता येईल. अर्ज भरून तो आत आला, राजीनामा देऊन बाहेर जाईल. जातीत आणि पंथात माणूस जन्मतो. त्याची बायको, भाऊ, गिऱ्हाइके, आईची कबर, सगळे तिथेच असते. कोकणातल्या गावकीने एखादे घर वाळीत टाकले की वाणी माल देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. जो बोलेल त्याला दंड. दगड एकही पडत नाही, तरी अख्खे घर उठते. इथे ‘बाहेर पडा’ या सल्ल्याचा अर्थ ‘जगणे सोडा’ एवढाच होतो.

यापुढे कितीही मोठा माणूस वाकतो, हे पुण्याने पाहिले आहे. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोश्यांनी टिळक-रानड्यांसकट जमलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात जाऊ दिली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचे प्रकरण, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांच्या शिव्या खाल्ल्या. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसलेला हा माणूस. रानड्यांना दुबळे म्हणणे सोपे आहे. एका कपभर चहासाठी रानड्यांना वाकवणारी व्यवस्था मुकाट मान्य करायची आणि दोष रानड्यांना द्यायचा, हा मात्र ढोंगीपणा झाला.

दुसरा मुद्दा नीतीचा. धर्मसंस्थेचा धाक गेला तर नीती कशावर उभी राहणार? धाकावर उभी राहते ती नीती नव्हे, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर इतिहासाचे आहे. धर्मसंस्थेच्या हाती राजदंड आला तेव्हा तिने नीती कशी राखली, हे गोव्याच्या इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानात दिसते. ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांनी दारात तुळस लावायची नाही, लग्नात ओव्या गायच्या नाहीत, पुरुषांनी पुडवें (धोतर) नेसायचे नाही. चोरी, खोटेपणा, जुलूम बाजूला राहिले. पहारा बसला तो अंगणावर, गाण्यावर आणि कपड्यावर. संघटित धर्माला सत्ता मिळाली की त्याची नजर स्वयंपाकघराकडे आणि शयनगृहाकडे वळते. विशेषतः बाईकडे.

आणि ज्याला आपण आज नीती म्हणतो, तिचा मोठा भाग या धाकाला न जुमानणाऱ्यांनी मिळवून दिला. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केले म्हणून त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्या वेळी नीती मुरुडच्या बाजूला होती की कर्व्यांच्या? श्रद्धेने माणसाला बळ दिले, हे मला शंभर टक्के मान्य आहे. वारकऱ्यांची परंपरा त्याची साक्ष आहे. पण तुकोबा श्रद्धेचे होते आणि त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे संस्थेचे. दोघांना एकाच माळेत ओवून संस्थेने तुकोबांच्या पुण्याईवर जगू नये.

तिसरा मुद्दा भीतीचा : कायदा आला की धर्म बुडतो. जादूटोणाविरोधी विधेयकाच्या वेळी हेच ऐकले. वारी बंद होईल, सत्यनारायण गुन्हा ठरेल, असे सांगत विधेयक वर्षानुवर्षे अडवले गेले. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, तेव्हा कुठे वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. वारी दरवर्षी निघते आहे, सत्यनारायणाचा प्रसाद घरोघरी वाटला जातो आहे. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर २०१६ मध्ये बायका गेल्या, त्याही १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याची न्यायालयाने साठ वर्षांनी आठवण करून दिल्यावर. शनीचा कोप काही झाला नाही.

चौथा मुद्दा खरा वजनदार आहे, त्याला टाळून चालणार नाही. सरकार काही निःपक्ष पंच नाही. धर्मसुधारणेच्या नावाखाली ते एका धर्माला झोडपील आणि दुसऱ्याला गोंजारील. अल्पसंख्याकांना ही धास्ती वाटते, आणि ती वाटायला कारणे आहेत. मी तर पुढे जाऊन म्हणतो, अनेकदा सरकार धर्मसंस्थेला आवर घालतच नाही, तिची राखणदारी करते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. दोघांची नावे आणि पत्ते कार्यालयात सर्वांना दिसतील असे लागतात. ज्याला या लग्नात खोडा घालायचा आहे, त्याच्या हाती सरकार स्वतः पत्ता ठेवते. पळून आलेल्या मुलीला तो महिना कसा जातो, हे तिलाच विचारावे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी ‘समन्वय समिती’ नेमली. सज्ञान स्त्रीच्या लग्नाची चौकशी करणारी समिती आणि गावकी यांत फरक एवढाच, की एकीला सरकारी शिक्का आहे.

पण या आक्षेपातून निघते काय? सरकार पक्षपाती आहे म्हणून पंचांना मोकळे सोडा, हे निघत नाही. निघते ते असे, की मोजमाप समाजाला लावू नये, व्यक्तीला लावावे. कुठला धर्म, हे विचारायचेच नाही. एका माणसाचे कोणते हक्क गेले, एवढेच पाहायचे. मग जातपंचायतीचा दंड, बोहरा समाजातली बरात (बहिष्कार), रायगडातली गावकी आणि सरकारची समिती एकाच तराजूत येतात.

आता आमचे म्हणणे. घटनेने धर्मस्वातंत्र्य प्रथम ‘सर्व व्यक्तींना’ दिले, ते अनुच्छेद २५ ने. पंथांना कारभाराचा हक्क नंतर, २६ ने. पंथाचा हक्क माणसांच्या हक्कातून आलेला आहे, तेव्हा तो माणसांवरच उलटता कामा नये. आपल्याकडे धर्माने जन्मापासून मरणापर्यंतचे सगळे व्यापले आहे, आणि हे सगळेच धर्म म्हणून सोडून दिले तर सामाजिक कायदा करणेच अशक्य होईल, हा इशारा डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत दिला होता. त्याच आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपुरात धम्मदीक्षा घेतली. धर्म नाकारण्याचा, बदलण्याचा आणि स्वीकारण्याचा हक्क माणसाचा आहे, याचे याहून मोठे मंडन कुणी केलेले नाही.

रेघ कुठे ओढायची? पुरोहिताने अमक्याला आशीर्वाद द्यावाच, मौलवीने तमक्याला पदावर ठेवावेच, अशी सक्ती सरकारने करू नये. पंथाने आपले मत, आपला विधी, आपली गादी सांभाळावी. पण रोजगार, नातेवाईक, पाणवठा, समाजमंदिर, लग्न आणि स्मशान यांना हात लागला की तिथे धर्माचा कारभार संपला आणि फौजदारी सुरू झाली. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये एकमताने केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तो हीच रेघ ओढतो : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा चांगला आहे. पण तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ‘गावात राहायचंय ना, मिटवून घ्या’ असे चौकीवरच ऐकवले गेले, तर कलमे कागदावरच राहतात.

म्हणून मागण्या सरळ आहेत. १९६२ चा निकाल फिरवला जावा. तीस दिवसांची नोटीस रद्द व्हावी. लग्नांवर नजर ठेवणाऱ्या समितीची कल्पनाच मोडीत काढावी आणि बहिष्काराची तक्रार आली की मध्यस्थी करण्याआधी गुन्हा नोंदवावा. देवाशी नाते ठेवायचे की तोडायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे. माणसाने माणसाशी नाते तोडावे, असा हुकूम काढण्याची मुभा मात्र कुठल्याही गादीला, पंचाला किंवा मंत्रालयाला असता कामा नये.