अंथरूण, पलंग आणि एक भिंत

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण वर्गात समजावून सांगताना मी वर्षानुवर्षे केवळ काटकसरीविषयी बोलत आले. त्या म्हणीत पलंग नाही, अंथरूण आहे, याकडे माझे लक्ष गेले ते अगदी अलीकडे. घरात नऊ बाय दहाची एक खोली रिकामी करून तिच्यात आईचा पलंग बसवण्याची वेळ आली तेव्हा.

आपली जुनी घरे अंथरुणांची घरे होती. रात्री माजघरात गाद्या पडत आणि सकाळी त्यांच्या वळकट्या होऊन भिंतीशी जात. झोपण्याची जागा ही खोली नसून एक वेळ होती. बाज असे, पण ती बाळंतिणीची किंवा आजाऱ्याची. 'अंथरूण धरणे', 'खाटेला खिळणे' हे आपले वाक्प्रचार पाहिले तरी दिवसाउजेडी पसरलेले अंथरूण म्हणजे काहीतरी बिघडल्याची खूण, हे कळते. देवाला मात्र स्वतंत्र शेजघर होते. पण पंढरपूरला आषाढी-कार्तिकीच्या यात्राकाळात विठ्ठलाचा पलंगही काढून ठेवतात, कारण देवाला त्या दिवसांत निजायचे नसते. 'शेजघर' हा सुंदर शब्द आपण देवळात ठेवला आणि स्वतःसाठी 'बेडरूम' घेतला. या शब्दात पलंग आधी येतो आणि खोली मागून. बांधताना मात्र हा क्रम कोणी पाळत नाही.

आमच्या खोलीचे वर्णन करते. उत्तरेची भिंत तेवढी अखंड. पूर्वेला रुंद खिडकी. दक्षिणेच्या भिंतीत पूर्वेकडच्या टोकाला न्हाणीघराचे दार, पश्चिमेकडच्या टोकाला भिंतीतले कपाट. पश्चिमेच्या भिंतीत, दक्षिण कोपऱ्यालगत, दिवाणखान्यातून येणारे दार. बांधकाम व्यावसायिकाने दिलेल्या नकाशात पलंग उत्तरेच्या भिंतीला मधोमध टेकवलेला आहे, दोन्ही बाजूंना दोन नाजूक चौकोन आणि त्यांवर दिव्यांची वर्तुळे. नकाशात कपाटाची दारे कधीच उघडत नाहीत, आणि मध्यरात्री कोणी उठतही नाही.

खोली बेकायदेशीर आहे असे नव्हे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार घरातील एक खोली किमान साडेनऊ चौरस मीटरची असली, तर दुसरी साडेसात चौरस मीटरची चालते. आमची साधारण ८.४ भरते. नियम क्षेत्रफळ मोजतो आणि रुंदी मोजतो. किती भिंतींना पलंग टेकू शकतो, हे तो विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात आई रात्री न्हाणीघरात जायला उठली आणि तिच्या वाईच्या घरात पलंग व कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेत पडली. उजव्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, हाती वॉकर आला. ती आमच्याकडे राहायला येणार हे ठरले, आणि तिने एकच अट घातली: पलंग माझाच. पाच फूट रुंद, साडेसहा फूट लांब, सागवानी.

तिची दुसरी अट बोलून दाखवण्याची गरज नव्हती. दक्षिणेकडे पाय करून ती झोपणार नाही. माझ्या धाकट्या भावाने, तो अभियंता आहे, यावर वास्तुशास्त्राची यथेच्छ टिंगल केली. मला ती पटली नाही. दिशांची जी दुकाने गेल्या काही दशकांत उघडली आहेत त्यांच्याविषयी मलाही आदर नाही. पण चार वर्षांपूर्वी वडिलांना जमिनीवर घेतले तेव्हा त्यांचे पाय दक्षिणेकडे केले होते, आणि ते करताना आई शेजारी बसलेली होती. पुढची सगळी वर्षे त्याच दिशेला पाय करून निजायला तिला सांगणे याला मी विज्ञाननिष्ठा म्हणणार नाही. (शास्त्राचाच विषय निघाला म्हणून सांगते: सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त शय्या व आसने यांवर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. त्यात राजाची शय्या शंभर अंगुळे, राजपुत्राची नव्वद, मंत्र्याची चौऱ्याऐंशी, अशी उतरंड आहे. अंगुळ पाऊण इंचाचे धरले तर राजाची शय्या सव्वासहा फूट भरते. आज हे माप कोणत्याही गादीवाल्याकडे मिळते. राजाचा पलंग सर्वांना मिळाला; महाल तेवढा राहून गेला.)

मग आम्ही जुनी वर्तमानपत्रे चिकटवून पाच बाय साडेसहाचा एक कागदी पलंग केला आणि तो जमिनीवर अंथरला. पाहुणी म्हणून आलेल्या आईला वॉकर घेऊन त्याच्याभोवती चालायला लावले. नकाशाप्रमाणे ठेवल्यावर पायथ्याशी अडीच फूट उरत होते. वॉकरलाच दोन फूट लागतात, आणि कपाटाचे दार उघडले की वाट संपते. म्हणजे ज्या चिंचोळ्या वाटेत ती पडली, तीच आम्ही पुण्यात पुन्हा बांधणार होतो. बिछाना कुठे ठेवावा हा प्रश्न निजणाऱ्याच्या सोयीचा मानला जातो. माझ्या मते तो उठणाऱ्याचा आहे. आणि घरात ज्याला उठणे सर्वांत जड जाते, त्याच्या पावलांनी खोली मोजली पाहिजे.

कागद फिरवला. उशाशी पूर्वेची खिडकी, उत्तरेच्या भिंतीला एक बाजू चिकटलेली. दक्षिणेला चार फूट मोकळे झाले. उठून बसले की समोर डावीकडे न्हाणीघराचे दार, मध्ये काही नाही. भाऊ म्हणाला, पलंग असा कोपऱ्यात ढकलणे म्हणजे वसतिगृह झाले; शिवाय चादर बदलायची कशी, आणि खिडकीतून पाऊस आला तर? चादरीचा त्रास खरा आहे, पलंगावर गुडघे टेकूनच ती घालावी लागते. पावसाचे म्हणाल तर पुण्यात तो पश्चिमेकडून येतो. परतीच्या पावसाच्या संध्याकाळी खिडकी लावून घ्यावी लागते, एवढेच. शोभा उणावली हे मान्य. पण दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडण्याची ही हौस छायाचित्रांतून आली आहे, आणि छायाचित्रात माणूस नसतो.

एकदा मीच सुचवून पाहिले की तीन फुटी खाट घेऊ, सगळेच प्रश्न सुटतील. हिशेबाने ते बरोबर होते. आई काही बोलली नाही, कागदाच्या कडेला बसून राहिली. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

पलंग आला, सुताराने जोडला. रात्री मी तिला झोपवायला गेले तेव्हा ती बराच वेळ नुसती उभी होती. पन्नास वर्षे ती भिंतीकडच्या बाजूला निजली. वडील पहाटे चारला उठत, म्हणून बाहेरची बाजू त्यांची. आता भिंतीकडे जाऊन तिला बाहेर येता आले नसते. "मला त्यांच्या जागेवर निजायचंय होय गं," ती म्हणाली. मी हो म्हटले. तिने आतल्या बाजूची उशी नीट केली, वॉकर हाताशी ओढला आणि दिवा घालवायला सांगितले.