उंदरांचा ताप आणि 'गृहिणी'चा रकाना

पावसाळा तोंडावर आला की घरातली कणगी कोण उपसतं? माळ्यावरची पोती खाली ओढायची, उंदरांनी कुरतडलेली बारदानं झटकायची, कोपऱ्यातल्या लेंड्या केरसुणीने लोटून काढायच्या, उरलेलं धान्य उन्हात घालून सुपाने पाखडायचं. गावोगावी हे काम बाईच करते. दिवसभर नाकातोंडात धूळ जाते. संध्याकाळी कुणी विचारलं, आज काय केलं, तर ती सांगते, "काही नाही, घरातच होते."

हे 'काही नाही' किती महाग पडू शकतं, ते आपण समजून घ्यायला हवं. उंदरांच्या लघवीतून, लेंड्यांतून आणि लाळेतून काही विषाणू बाहेर पडतात. उंदराला स्वतःला त्यांचा फारसा त्रास होत नाही. घाण वाळते, धुळीत मिसळते आणि झाडताना, पाखडताना माणसाच्या श्वासात जाते. हंताविषाणूंची लागण बहुधा अशीच होते. ताप, अंगदुखी, पाठदुखी सुरू होते. काहींची मूत्रपिंडं बंद पडतात, काहींच्या फुप्फुसात पाणी भरतं. १९५१ ते १९५३ या काळात कोरियाच्या युद्धात तीन हजारांहून अधिक सैनिकांना असा ताप आला, तेव्हा जगाचं तिकडे लक्ष गेलं. तिथल्या शेतातल्या उंदरात हा विषाणू १९७६ साली सापडला आणि हंतान नदीवरून त्याला नाव मिळालं.

आपल्या देशाला हा विषय परका नाही. कोरियाच्याही आधी, १९६४ साली, तमिळनाडूतल्या वेल्लोर इथे एका चिचुंद्रीत विषाणू सापडला होता. वेल्लोरच्या ज्या भागात ती चिचुंद्री पकडली, त्यावरून त्याला थोट्टापालयम असं नाव दिलं. तो हंताविषाणूंच्याच कुळातला आहे, हे मागाहून कळलं. (चिचुंद्री उंदरासारखी दिसली तरी उंदीर नव्हे.) पुढे वेल्लोरच्याच वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी रक्ततपासणीची एक पाहणी केली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. मूत्रपिंडाचे जुने रुग्ण, गोदामात काम करणारे आणि उंदीर पकडणारे इरुळा आदिवासी यांचं रक्त त्यांनी तपासलं. काहींच्या रक्तात हंताविषाणूविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली. शरीराने विषाणूशी पूर्वी कधीतरी सामना केल्याची ती खूण असते. म्हणजे विषाणू माणसांपर्यंत पोचला होता. त्यांना ताप येऊनही गेला असेल आणि 'साधा ताप' म्हणून विसरलाही गेला असेल.

इरुळांच्या कामाकडे जरा बाईच्या नजरेने पाहू. भाताच्या शेतात बीळ शोधायचं, मडक्यात पाला पेटवून तोंडाने फुंकत बिळात धूर कोंडायचा, बीळ खणायचं, उंदीर पकडायचे आणि उंदरांनी बिळात साठवलेलं भात काढून घरी न्यायचं. या कामात बायका आणि मुलंही असतात. बिळातून काढलेलं भात निवडणं, कांडणं, रांधणं, हे पुढचं सगळं बाईच्या वाट्याला येतं. शेतमालकाचं पीक वाचतं आणि धूर, धूळ, उंदरांचे चावे या कुटुंबांच्या पदरात पडतात. त्यांना तपासणीत घेतलं, हे योग्यच झालं. पण उंदरांशी संबंध येणारा कामगार कोण, हे ठरवताना आपल्या डोळ्यांपुढे कोण येतं? गोदामातला हमाल, शेतातला मजूर, लाकूडतोड्या. घरातल्या कणगीशी रोज संबंध येणारी बाई येत नाही. तिचं घर हेच तिचं गोदाम आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

याने काय होतं, ते दक्षिण अमेरिकेतल्या दोन देशांत स्पष्ट दिसलं. अर्जेंटिनाच्या मक्याच्या पट्ट्यात हुनीन नावाच्या विषाणूचा रक्तस्रावी ताप आहे. तोही शेतातल्या उंदरांपासून होतो. उपचार न मिळालेल्यांपैकी शंभरातले पंधरा ते तीस दगावत. बऱ्या झालेल्या रुग्णांचा रक्तद्रव पहिल्या आठ दिवसांत दिला तर बहुतेक सगळे वाचतात, हे १९७९ साली सिद्ध झालं. म्हणजे रोग वेळेत ओळखण्यावरच जीव अवलंबून. पुढे लस तयार झाली. १९८८ ते १९९० या काळात तिची मोठी चाचणी झाली, ६,५०० शेतमजुरांवर. सगळेच्या सगळे पुरुष. त्याला कारण होतं : रुग्णांमध्ये पुरुष फार जास्त होते, कारण कापणीला तेच जात. लस गुणकारी ठरली, ही आनंदाची गोष्ट. पण रुग्णांत पुरुष जास्त म्हणून चाचणीत फक्त पुरुष, आणि चाचणीत बायका नाहीत म्हणून त्यांच्याबद्दलची माहिती मागे पडते. असं एक वर्तुळ यातून तयार होतं.

शेजारच्या बोलिव्हियात सान होआकिन नावाच्या गावात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अशाच जातीच्या तापाची साथ आली. विषाणू वेगळा, पण हुनीनच्या नात्यातला. तिथे मात्र बायका, पुरुष, मुलं सगळेच आजारी पडले. कारण तिथला उंदीर घरात शिरला होता. १९६४ साली घरोघरी सापळे लावून उंदीर मारले, तशी साथ ओसरली. शेतात उंदीर असेल तर शेतात जाणारा आजारी, घरात असेल तर घरातली आजारी. हा आजार बाई-पुरुष पाहत नाही, कामाची जागा पाहतो. मग तपासणी करणाऱ्यांनीही कामाची जागाच पाहायला हवी. मजुरीच्या हजेरीपटावर नाव आहे की नाही, हे नव्हे.

पश्चिम आफ्रिकेतल्या लासा तापाने यात आणखी एक पदर दाखवला. हा ताप घरात वावरणाऱ्या उंदरांपासून होतो, आणि रुग्णाची सेवा करणाऱ्यालाही होतो. १९६९ साली नायजेरियात तो प्रथम ओळखला गेला तो तीन परिचारिकांमुळे. पहिली आजारी पडली, मग तिची काळजी घेणाऱ्या दोघी. तिघींपैकी दोघी दगावल्या. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत लासा झाला तर ऐंशी टक्क्यांहून जास्त वेळा आई किंवा पोटातलं मूल दगावतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेती, घर, सेवा, गरोदरपण यातलं शेवटचं फक्त बाईच्या शरीराचं आहे. मधली दोन आपण तिच्यावर टाकली आहेत.

आता आपल्याकडे येऊ. कोकणात भातलावणीला गुडघाभर चिखलात दिवस दिवस वाकून उभ्या राहतात त्या बहुतेक बायकाच. त्या चिखलपाण्यात उंदरांची लघवी मिसळते, त्यातून लेप्टो होतो. लेप्टोचा जिवाणू वेगळा आणि त्यावर औषध आहे. पण ताप, अंगदुखी, लघवी कमी होणं ही लक्षणं हंताविषाणूच्या आजारासारखीच असतात. लेप्टोची तपासणी नकारार्थी आली की पुढे विचारायचं कुणी? १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लोक तडकलेल्या घरांबाहेर राहिले, आत धान्य तसंच पडून राहिलं, उंदीर माजले, आणि १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगची शंका आली, हेही आपण पाहिलं आहे. रायगड-ठाण्यातल्या कातकरी वाड्यांवर शेतातले उंदीर पकडून खाल्ले जातात. इरुळांचं जे रक्त सांगतं, ते कातकरी बाईचं रक्त काय सांगेल, हे विचारायला हवं. मात्र ते विचारताना 'उंदीर खाणारे लोक' म्हणून कुणाला हिणवायला नवं निमित्त मिळता कामा नये. दोष गरिबाच्या ताटाचा नाही. आयुष्यभर पुरेसं अन्न, पक्कं घर आणि धान्य ठेवायला बंद कोठी त्याला मिळाली नाही, हा खरा दोष आहे.

कुणी म्हणेल, बायांच्या अंगात रक्त नाही, क्षयरोग आहे, बाळंतपणाला धड सोय नाही, त्यात हे नवं कुठून काढलं? प्रश्न रास्त आहे. पण ज्याची तपासणीच होत नाही तो आजार कमी आहे असं कसं म्हणणार? २०११च्या जनगणनेत देशात सहा कोटींहून अधिक स्त्रिया शेतमजूर म्हणून नोंदल्या गेल्या. स्वतःच्या शेतात राबूनही सातबाऱ्यावर नाव नसलेल्या आणखी कितीतरी आहेत. दवाखान्याच्या केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात त्यांच्यापुढे 'गृहिणी' असं लिहिलं जातं. डॉक्टर मग शेताबद्दल विचारत नाही, कणगीबद्दल तर नाहीच.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. तपासणीसाठी माणसं निवडताना हुद्दा विचारू नका, कामं विचारा : धान्य कोण साठवतं, कोण झाडतं, आजाऱ्याजवळ कोण बसतं. रक्त देणाऱ्या बाईचा होकार तिच्याकडूनच, तिच्या भाषेत घ्या. सरपंचाचा किंवा नवऱ्याचा होकार म्हणजे तिचा होकार नव्हे. बुडालेली मजुरी भरून द्या. निकाल तिला येऊन सांगा आणि प्रतिपिंडं सापडली म्हणजे ती आजारी आहे असं नव्हे, तिच्यापासून कुणाला धोका आहे असंही नव्हे, हे नीट समजावा. हंताविषाणूवर आपल्याकडे लस नाही, खास औषधही नाही. तेव्हा मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाला डायलिसिस तालुक्याच्या जवळ मिळालं पाहिजे. नाहीतर रक्त शहरात जातं, अहवाल परदेशात जातो आणि बाई होती तिथेच राहते.

आपण आपल्यापुरतं लगेच करू शकतो तेही आहे. बंद खोली झाडण्याआधी दारं-खिडक्या उघडून ठेवा. लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून थोडा वेळ भिजू द्या, मग ओल्या फडक्याने पुसा. तोंडाला पदर बांधा आणि शेवटी हात साबणाने धुवा. शक्य असेल तर धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा. पण कोठीला पैसे लागतात, आणि ही जबाबदारीही एकट्या बाईवर ढकलून शासनाला मोकळं होता येणार नाही.

पुढच्या वेळी दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीतल्या माणसाने व्यवसाय विचारला, तर 'काही नाही' म्हणू नका. शेतात काय करता, घरात काय करता, सगळं सांगा आणि ते लिहायला लावा.