अपडाऊनची गाडी, लग्नाची गाडी

कळंब ते यवतमाळ बावीस-तेवीस किलोमीटर. जाऊन-येऊन पंचेचाळीस धरा. या रस्त्यावर अपडाऊन करणारी माणसं कमी नाहीत. मास्तर आहेत, बँकेतले आहेत, तहसीलातले आहेत, दवाखान्यातले आहेत. कोणी कळंबात राहून यवतमाळला जातं, कोणी यवतमाळात राहून कळंबला येतं. (मुख्यालयी राहण्याचा नियम आहे, पण तो या स्तंभाचा विषय नाही, आणि मला दुष्मनीही नको.) नागपूर-तुळजापूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून अर्ध्या तासाचा तर प्रवास. एसटीची वाट पाहण्यापेक्षा स्वतःची गाडी बरी असं हल्ली बहुतेकांना वाटतं, आणि मग प्रश्न येतो, ‘कोणती घेऊ?’

कागदावर उत्तर सोपं आहे. प्लग-इन हायब्रिड ही गाडी जणू याच माणसांसाठी बनली आहे. रात्री घरच्या प्लगला लावायची, सकाळी चाळीस ते ऐंशी किलोमीटर नुसत्या बॅटरीवर पळवायची, बॅटरी संपली तर पेट्रोलचं इंजिन सांभाळून घेतं. रोजचं यवतमाळ विजेवर, दिवाळीचं पुणं पेट्रोलवर. मधेच चार्ज संपून देवळीजवळ उभं राहण्याची भीती नाही.

अडचण एवढीच की ही गाडी कळंबच्या माणसाला मिळत नाही. आपल्या देशात ती विकतच नाहीत असं नाही. बीएमडब्ल्यूने डिसेंबर २०२२ मध्ये एक्सएम आणली, प्लगवाली, बॅटरीवर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर जाण्याचा दावा असलेली. किंमत दोन कोटी साठ लाख. कळंबला कोणाकडे एवढा पैसा आला तर तो वावर घेतो. बाकीच्या प्लग-इनही अशाच, लॅम्बोर्गिनीसारख्या घराण्यांतल्या. ज्यांना पेट्रोलच्या भावाशी काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी पेट्रोल वाचवणारी गाडी.

चीनमध्ये याच्या नेमकं उलट झालं. बीवायडीने फेब्रुवारी २०२४ मध्ये छिन प्लस नावाची प्लग-इन सेडान ७९,८०० युआनपासून विकायला काढली. तेव्हाच्या भावाने सव्वानऊ लाख रुपयांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे ज्या पैशात बऱ्यापैकी हॅचबॅक येते, त्या पैशात. तीच कंपनी भारतात गाड्या विकते, पण फक्त पूर्ण विजेवरच्या, आणि त्याही महागड्या. इथे कारखाना टाकायचा तर २०२० पासून चिनी गुंतवणुकीला सरकारची आगाऊ मंजुरी लागते, आणि बाहेरून आणायची तर आयात शुल्क. सीमेवर जे घडलं ते पाहता मंजुरीच्या अटीला मी नावं ठेवणार नाही. पण आपल्या कंपन्यांना कोणी अडवलं आहे?

अडवलं नसेल, पण बोलावलंही नाही. आपली करपद्धती हायब्रिड गाडीला प्लग आहे का हे विचारत नाही, ती गाडीची लांबी आणि इंजिनाचे सीसी मोजते. २२ सप्टेंबर २०२५ पासून विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के. हायब्रिड चार मीटरच्या आत आणि पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर १८, त्याच्या वर गेली की ४०. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडची नोंदणी फी माफ केली, महाराष्ट्राने आपली सवलत विजेच्या गाडीपुरती ठेवली. माझं मत विचाराल तर रोज प्लगला लागणाऱ्या आणि कधीच न लागणाऱ्या गाडीला एकाच रांगेत उभं करणं चूक आहे. चार मीटरच्या आतली, हजार सीसीचं इंजिन आणि पन्नास किलोमीटरची बॅटरी असलेली गाडी आजच्या नियमातही १८ टक्क्यांत बसते. ती कोणी बनवत नाही, कारण दोन्ही यंत्रं एका छोट्या गाडीत कोंबण्याचा खर्च तेवढ्या सवलतीत भरून निघत नाही.

या रिकाम्या जागेत शोरूमवाले काय विकतात? ‘सर, ही हायब्रिड आहे, चार्ज करायची कटकटच नाही.’ हे वाक्य ते गुण म्हणून सांगतात. ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटाची हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड म्हणून नावाजलेल्या गाड्या. चांगल्या आहेत, शंकाच नाही. पण त्यांची बॅटरी पाऊण युनिटाची, नेमकं सांगायचं तर ०.७६. म्हणजे घरातला पंखा रात्रभर चालेल एवढी वीज. ती ब्रेक लावताना आणि इंजिनातून भरते, सिग्नलला थांबत-चालत जाताना कामी येते. जी ऊर्जा गाडीत येते ती सगळी शेवटी पेट्रोलच्या टाकीतूनच. पुण्यात हडपसरच्या गर्दीत अशी गाडी पैसे वाचवते. कळंब-यवतमाळ रस्त्यावर गर्दी कुठे आहे? ऐंशीच्या वेगाने सरळ पळणाऱ्या गाडीत हायब्रिडचा फायदा आटतो, आणि त्यासाठी वर मोजलेले दोन-तीन लाख फिटायला फार वर्षं लागतात.

डिझेलचा मोह आपल्या भागात अजून सुटलेला नाही. ज्यांना तो आहे त्यांना एक सांगून ठेवतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी बराच वेळ, चांगल्या वेगाने चालली की ती तापते आणि काजळी आपोआप जळते. रोज घर ते बाजार, बाजार ते चिंतामणीचं देऊळ आणि परत, एवढीच फिरली तर गाळणी तापतच नाही. मग दिवा लागतो, मग गॅरेज, मग बिल. पेट्रोलच्या गाडीलाही तोकड्या फेऱ्या मानवत नाहीत. इंजिन गरम व्हायच्या आत बंद केलं की आतली वाफ ऑइलमध्ये उतरते. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर बघून नाही, कॅलेंडर बघून बदलायचं, आणि आठवड्यातून एकदा तरी तिला मोकळ्या रस्त्यावर यवतमाळपर्यंत नेऊन आणायचं.

म्हणून आधी एक गोष्ट स्वतःला विचारा. माझी गाडी रोज किती चालते? एखाद्या अडत्याची गाडी दिवसाला चार किलोमीटर चालत असेल, तर त्याने ना हायब्रिड घ्यावी ना विजेची. विजेचा फायदा किलोमीटरमधून येतो. किलोमीटरच नाहीत तर फायदा कशाचा? जुनी वॅगन-आर ठेवा, बाजाराला स्कूटरने जा.

अपडाऊनवाल्याचं गणित वेगळं आहे. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर सव्वाअकराशे किलोमीटर. पेट्रोलची छोटी गाडी अठराचा अ‍ॅव्हरेज देते आणि पेट्रोल शंभरावर आहे, म्हणजे साडेसहा हजारांच्या आसपास. विजेची छोटी गाडी चार्जिंगमधली घट धरून एका युनिटाला सात किलोमीटर जाते; एकशेसाठ युनिट. इथे लोक एक चूक करतात, घरच्या बिलाचा सगळ्यात खालचा दर धरतात. महावितरणचे टप्पे शंभर, तीनशे, पाचशे असे आहेत. गाडीचे युनिट घरच्या युनिटांच्या वर जाऊन बसतात, म्हणजे त्यांना वरचाच दर लागतो. युनिटाला चौदा रुपये धरले तरी सव्वादोन हजार होतात. महिन्याला चार हजारांच्या वर शिल्लक. छपरावर प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतलं तीन किलोवॅटचं सौर संयंत्र असेल, ज्याला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, तर हिशोब अजून सुधारतो.

हा हिशोब पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यापेक्षा कळंबच्या घरवाल्याला जास्त सोपा आहे, आणि हे कोणी फारसं बोलत नाही. तिथे पार्किंगमध्ये एक प्लग टाकायचा तर सोसायटीची सभा, ठराव, कोणाच्या मीटरवर यावरून भांडणं. इथे अंगण आपलं, मीटर आपलं, भिंतही आपली. पण एक गोष्ट इथे आडवी येते. अर्थिंग. चार्जर भिंतीच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावला की तो आधी अर्थिंग तपासतो. ते नसेल किंवा कमजोर असेल तर लाल दिवा दाखवून गप्प बसतो, काही केल्या चार्ज घेत नाही. जुन्या घरांत सॉकेटची तिसरी पिन कित्येकदा शोभेलाच असते. तिच्यामागे वायरच नसते. कूलर आणि गिझर अशाच प्लगवर वर्षानुवर्षं चालले, कोणाला कळलं नाही. गाडीला कळतं. अंगणात खड्डा करून मीठ-कोळशाचं नवं अर्थिंग करून घ्यायला फार खर्च येत नाही. आणि एप्रिल-मे मध्ये, पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि माती भेगाळते तेव्हा, त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत राहायचं. गाडीची निगा म्हणून खड्ड्याला पाणी घालावं लागेल असं शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

लाइन जाण्याचं म्हणाल तर ती जाते. पण पंचेचाळीस किलोमीटरची वीज अडीच-तीन तासांत भरून होते. रात्रभरात तेवढी लाइन न मिळाल्याच्या रात्री वर्षातून थोड्याच.

आता लग्नाकडे येऊ, कारण आपल्याकडे गाडी घेण्याचा निर्णय शेवटी तिथेच होतो. ‘नागपूरला लग्न निघालं तर?’ कळंब ते नागपूर सव्वाशे किलोमीटर. पाच माणसं, आहेराच्या पिशव्या, मे महिना, एसी फुल. टियागो ईव्हीसारखी छोटी गाडी एका चार्जमध्ये जाऊन परत येणार नाही. नागपुरात चार्ज करावीच लागेल. जेवणावळ आणि फोटो आटोपेपर्यंत चार्जरवर लावून ठेवता येते, पण वरातीतून निघून चार्जर शोधायला जाणारा जावई कोणाला आवडेल? मोठ्या बॅटरीची नेक्सॉन किंवा विंडसर घेतली तर परतीची चिंता राहत नाही, मात्र ती किंमत सगळ्यांना झेपणारी नाही. ज्याच्याकडे एकच गाडी राहणार, नागपूरच्या महिन्याला तीन-चार फेऱ्या आहेत आणि मोठी बॅटरी परवडत नाही, त्याने आज साधी पेट्रोल गाडी घ्यावी असंच मी म्हणेन. सीएनजीचं विचाराल तर पंप रोजच्या वाटेवर हवा; नसेल तर रांगेत जाणारा वेळही हिशोबात धरा.

पण बाकीच्यांचं काय? वर्षातून दोनदा पुण्याला जायचं म्हणून आपण उरलेले तीनशे साठ दिवस पुण्याच्या लायकीची गाडी यवतमाळच्या रस्त्यावर फिरवतो. पुण्यासाठी रेल्वे आहे की. २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळच्या सभेतून वर्धा-कळंब रेल्वेला हिरवा झेंडा मिळाला. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा हा पहिला तुकडा, आणि कळंबला रेल्वे स्टेशन आलं. १० ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत धावते आणि ती वर्ध्याला थांबते. कळंबच्या गाडीची वेळ तिच्याशी जुळली नाही तर वर्ध्यापर्यंत आहेच एसटी. बारा-चौदा तास स्टिअरिंग धरून, मधे दोनदा झोप उडवायला चहा पीत पुण्याला पोचण्यात काय पराक्रम आहे, हे मला आजवर समजलेलं नाही. पोरांच्या सुट्टीत सामानच फार असेल तर भाड्याने गाडी करा. अपडाऊनमध्ये वाचलेल्या महिन्याच्या चार हजारांत वर्षाला दोन वेळा तरी सहज होईल.

युरोपातली एक गोष्ट प्लग-इनची वाट पाहत बसणाऱ्यांसाठी. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरचे आकडे मांडले. २०२१ मध्ये नोंदलेल्या प्लग-इन हायब्रिड गाड्या प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सरासरी साडेतीन पट कार्बन सोडत होत्या. मोठं कारण साधं आहे: लोक त्या पुरेशा चार्जच करत नव्हते. बऱ्याच गाड्या कंपनीने दिलेल्या, पेट्रोलही कंपनीचं, मग रात्री वायर कोण ओढणार? इथे पेट्रोल स्वतःच्या खिशातून जातं, त्यामुळे आपला माणूस न विसरता वायर लावेल असं मला वाटतं. उलट इथे दुसरीच अडचण होईल. रोज विजेवर चालवली तर टाकीतलं पेट्रोल महिनोन्महिने तसंच पडून राहील, आणि आता त्यात वीस टक्के इथेनॉल आहे, जे हवेतला ओलावा ओढून घेतं. उद्या तशी गाडी आपल्या आवाक्यात आली तर टाकीतलं पेट्रोल असं पडून राहू देऊ नका.

तोवर अपडाऊनसाठी विजेची गाडी घ्यायचं ठरलं असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा, मग मंजूर भार वाढवायचा अर्ज महावितरणला द्या. गाडीचं बुकिंग त्यानंतर करा.